सहा वाजेपर्यंतची तीन अक्षरं

मुडदा मशीनच्या मागे पडला होता, आणि मशीन पुढून टुंगटुंग वाजवत गिऱ्हाईक बोलावत होती.

पोलीस जमादार देवीदास मेश्राम यांनी आधी मुडदा पाहिला, मग मशीन. निवृत्तीला तीन महिने उरलेल्या माणसाला दोन्ही नकोसे होते.

मार्च २००५. कोहमारा फाटा, दुपारचे साडेचार. दुर्गाप्रसादचं व्हिडिओ गेमचं दुकान म्हणजे टिनाचं शेड आणि त्यात माणसाएवढी एक लाकडी पेटी. वर काचेचा पडदा, कमरेशी पत्र्याची पट्टी, पट्टीवर एक दांडा आणि एक बटन. रुपया टाकला की आकाशातून राक्षसी माश्या रांगेनं उतरत, खालच्या विमानानं त्या मारायच्या. पंचवीस वर्षांची ही म्हातारी नागपूरहून सेकंडहँड आली होती. ट्रकवाले इथे पाच मिनिटं थांबून पृथ्वी वाचवत आणि मग रायपूरकडे निघत.

मेलेला माणूस गोंदियाचा मेकॅनिक, सुकराम. मागची फळी उघडी, उजवा हात आत वायरींच्या गुंत्यात.

"माझ्या डोळ्यांसमोर गेला साहब," दुर्गाप्रसाद घाम पुसत म्हणाला. "तीन वाजता लाइन आली, और फटाक! हात आतच होता."

"ओरडलास कधी?"

"साडेतीनला. तोवर छाती दाबत होतो, पाणी पाजत होतो."

"मग हात पुन्हा आत कसा?"

"जैसा था वैसा ठेवला. पंचनामा होना था ना. मशीन पण चालूच ठेवली."

पंचनाम्याची इतकी काळजी घेणारा माणूस देवीदासना तीस वर्षांत पहिल्यांदाच भेटत होता.

त्यांनी खाली बसून पाहिलं. सुकरामचे दोन्ही तळहात भाजलेले. पाय अनवाणी. चपला मशीनच्या पुढे, शेजारी शेजारी, नीट. मातीची जमीन अजून ओली. शर्टाच्या खिशात वायरचा बोटभर तुकडा, हिरवा पडलेला. देवीदासनी तो जिभेला लावला. खात्याच्या पुस्तकात ही पद्धत नाही.

खारट.

पडद्यावर आकड्यांची यादी आली. पहिल्या ओळीत तीन इंग्रजी अक्षरं, एस-यू-के, आणि तेवीस हजार चारशे. मग पुन्हा माश्या उतरू लागल्या.

बाहेर दुर्गाप्रसादची व्हॅन उभी होती. काचा बंद, आणि काचांवर माश्या. या मात्र खऱ्या.

शेडला लागूनच सावित्रीबाईची चहाटपरी. दोघांचं मीटर एक, मेन स्विच तिच्या भिंतीवर. ती विझलेल्या चुलीपुढे बसली होती.

"मीनंच मारला त्याले," ती म्हणाली. "घेऊन चला मले."

"नीट सांग, बाई."

"लोडशेडिंग हाय, लाइन अकराले जाते, तीनले येते. गेली का मेन खाली करतो, आली का वर करतो. रोजचंच हाय. आजही वर केला. मंग दुर्गासेठ बोंबलत आला, म्हणे तुह्यानंच मेला तो. आता त्याच्या बायकोले तोंड कसं दाखवू?"

"सुकराम असाच बेसावध होता?"

"कायचा बेसावध! लाइन नसली तवाच मशीन खोले. लाइन यायच्या आत पेच कसून मोकळा. मंग लाइन आली का एक डाव खेळे. चपला काढून, देवळात गेल्यावानी. आन् आपलं नाव लिहून जाय. म्हणे, बाई, हे माही सही."

"ती सही टिकते किती दिवस?"

"दिवस कायचे! लाइन गेली का मशीन सारं भुलते. मंग तेच कंपनीचे नंबर. पोट्टे रोज बोंबलतात, आमचा नंबर गेला म्हणून."

देवीदास उठून उभे राहिले.

"आता लाइन कधी जाते?"

"सहाले."

पाच वाजून पस्तीस मिनिटं. सोबतचा शिपाई धावत रस्त्यापलीकडे गेला आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या गोवर्धनला घेऊन आला. गोवर्धन मुडद्याकडे वळला.

"तो नंतर," देवीदास म्हणाले. "तो कुठे जात नाही. आधी पडदा. ती यादी येईल तेव्हा."

यादी आली. फ्लॅश उडाला. काचेत फ्लॅशच उमटला असेल म्हणून गोवर्धननं तो बंद करून आणखी चार काढले.

"साहब, गेम का फोटो कायले?" दुर्गाप्रसाद हसला. एकटाच.

"बस. सांगतो."

देवीदासनी सावित्रीबाईलाही बोलावून समोर बसवलं.

"अकराला लाइन गेली, मशीन सगळं विसरली. तीनला आली, मशीन कोरी. मग सुकरामचं नाव कधी लिहिलं गेलं? तीननंतर. म्हणजे लाइन आली तेव्हा तो मेला नाही. फळी बंद करून उभा राहिला आणि एक अख्खा डाव खेळला."

"कोई और खेला होगा."

"मागे मुडदा, तू त्याची छाती दाबतोयस, आणि पुढे कोणी माश्या मारतंय? वर मेलेल्याचं नावही लिहितंय? बरा गिऱ्हाईक आहे."

देवीदासनी चपलांकडे बोट केलं.

"तो अनवाणी, ओल्या जमिनीवर. नाव लिहून झालं तरी दोन्ही हात पत्र्याच्या पट्टीवरच. तू पट्टीला उघडी वायर लावलीस. म्हणून दोन्ही तळहात भाजले. मग त्याला मागे ओढलास, फळी खोललीस, एक हात आत घातलास. चपला पुढेच राहिल्या. मशीन बंद केली असतीस तर नाव पुसलं गेलं असतं. पण तुझ्या गोष्टीसाठी ती चालू पाहिजे होती. आणि तू रोज गल्ला मोजतोस, पडदा कधी पाहत नाहीस."

"मी कायले मारीन त्याला?"

"पेटीच्या पोटात मीठ काऊन होतं, सेठ?"

शिपायानं व्हॅनचं मागचं दार उघडलं. माश्यांचा ढग उठला. सीटखाली मिठानं पांढरं पडलेलं पोतं होतं. त्यातून जे कातडं निघालं त्यावर काळे पट्टे होते. नागझिऱ्याच्या जंगलात ते जिवंत पाहायला लोक लांबून येत.

दुर्गाप्रसादचे खांदे पडले.

"त्यानं पोतं खोलून पाहिलं होतं?" देवीदासनी विचारलं.

"नाही." तो पोत्याकडे बघत म्हणाला. "वायर दाखवून म्हणाला, सेठ, मिठानं सडून राहिली, ते पोतं पेटीतून काढून दुसरीकडे ठेवा. बस, इतनाच. डाव खेळून झाला की गोंदियाला जाणार होता. मला वाटलं, आज नाही तर उद्या बोलेल कुठेतरी."

मशीन तेवढी वाजत राहिली.

"मंग मीनं नाही मारला?" सावित्रीबाईनं विचारलं.

"नाही, बाई."

ती उठून पडद्यासमोर गेली. तिला वाचता येत नव्हतं.

"कोणतं त्याचं?"

देवीदासनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं पदराच्या टोकानं तेवढीच काच पुसली.

सहाला लाइन गेली. पडदा आक्रसून एक ठिपका झाला, आणि ठिपकाही गेला.

सावित्रीबाई सवयीनं टपरीत गेली, पण मेनकडे गेलेला तिचा हात अर्ध्यात थांबला. देवीदासनी पुढे होऊन मेन खाली केला.

"आठले लाइन येईन," ती मागून म्हणाली. "वर तुमीच करजा, साहेब."