पंडितअप्पांचा पहारा

गिटारची एक तार तुटली होती, निमित्त एवढंच. शनिवारची दुपार, वैशाखातलं ऊन, आणि परभणीतलं वाद्यांचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असेल याचा भरवसा नाही. म्हणून मला घाई होती. पुढचं सगळं त्या घाईपायी झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? घाई होती हे खरं, पण मी जे केलं ते घाईत केलं नाही. ठरवून केलं.

मी श्रीशैल. परभणीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या उन्हाळ्यात कॉलेजनं दर शनिवारी संध्याकाळी मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला होता. पोरांचे बँड, गावोगावचे गाणारे, ज्याला हौस त्यानं यावं आणि अर्धा तास वाजवावं. आमच्या बँडचं नाव होतं 'चव्वेचाळीस', कारण नाव ठेवलं त्या दिवशी पारा तेवढा चढला होता. गायला भक्ती, गिटारवर मी, आणि ड्रमवर रेवणसिद्ध. हा रेवण माझ्याच गावचा, पहिलीपासूनचा दोस्त. त्या शनिवारी आमचा पहिला कार्यक्रम होता. तीन वाजता आवाज तपासायला हजर राहिलो नाही, तर आमची वेळ दुसऱ्या बँडला जाणार होती.

आणि नेमका त्याच दिवशी गावात माझा पहारा होता.

आमचं गाव ताडकळसपासून चार किलोमीटर. बसव जयंतीच्या सुमारास तिथं शिवनाम सप्ताह असतो. सात दिवस, सात रात्री महादेवाच्या देवळापुढं पत्र्याच्या मांडवात एक माणूस गळ्यात वीणा अडकवून उभा राहतो आणि 'नमः शिवाय' म्हणत राहतो. पुढ्यात माइक, लिंबाच्या झाडावर भोंगा. घरोघर लोक ते ऐकत आपापली कामं करतात. दर दोन तासांनी माणूस बदलतो, त्या पाळीला पहारा म्हणायचं. वीणा खाली टेकवायची नाही, खुंटीला लावायची नाही. वीणेकऱ्यानं बसायचं नाही आणि 'घ्या हो कुणीतरी' असं म्हणायचंही नाही. पुढच्यानं आपणहून यावं, दोघांनी एकमेकांच्या पाया पडावं, मग वीणेचा पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो.

बारा ते दोन माझा पहारा होता, दोन ते चार रेवणचा. भर उन्हातले पहारे कमिटी नेहमी कॉलेजच्या पोरांच्या माथी मारायची. वीणा मधेच सोडली तरच आमचं तीनला पोचणं जमणार होतं, आणि गाडी होती फक्त रेवणकडं. म्हणजे दोघांनाही पळायचं होतं.

साडेबाराला रेवण मोटारसायकल घेऊन लिंबाखाली येऊन थांबला. मांडवात पत्रा तापून कडकड वाजत होता. एका कोपऱ्यात बायनाबाई नावाची म्हातारी तोंडावर पदर घेऊन निजली होती आणि खांबाशी पंडितअप्पा बसले होते. अप्पा ऐंशीला टेकलेले, मागंपुढं कोणी नाही. आदल्या वर्षी वीणा घेतलेली असताना त्यांना घेरी आली, तेव्हापासून कमिटीनं त्यांचं नाव पहाऱ्यातून काढलं होतं. तरी रोज सकाळी येऊन ते वीणेकडं बघत बसायचे. मला ते पाठ होतं, म्हणूनच मी माइक बाजूला सारून त्यांना खुणावलं.

"अप्पा, धरता का थोडा वेळ? दोनला रेवण यायलाय."

"मला देणार व्हय रं?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "कमिटीवाले वरडतील की..."

"कोण बघायलंय? धरा."

ते गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे उठले आणि माझ्या पाया पडायला वाकू लागले. मी तेवढंही होऊ दिलं नाही. पट्टा त्यांच्या गळ्यात अडकवला, माइक पुढं सरकवला आणि निघालो. मीही वाकलो नाही. वाकायला लागणाऱ्या वेळात गाडी सुरू होईल, असं माझ्या मनात आलं होतं. गावाबाहेर पडेपर्यंत भोंग्यातून त्यांचा आवाज येत होता, चांगला खणखणीत.

तार मिळाली. तीनला आम्ही मैदानावर हजर होतो. पाच वाजता रेवणच्या आईचा, महानंदाकाकूंचा फोन आला. चार वाजता बन्सीधर आपल्या पहाऱ्याला गेला, तेव्हा अप्पा खांबाला पाठ लावून उभे होते. डोळे उघडे, नामस्मरण चालू. बन्सीधरनं पायाला हात लावला तर पाय गार. चव्वेचाळीस डिग्रीत, तापलेल्या फरशीवर, विहिरीच्या पाण्यासारखे गार. त्यानं वीणा काढून घेतली आणि अप्पा होते तसेच कोसळले. ताडकळसच्या डॉक्टरनं बघून सांगितलं की माणूस जाऊन दोन तास उलटलेत. पण चार वाजेपर्यंत अख्ख्या गावानं भोंग्यावर त्यांचा आवाज ऐकला होता. मधे एकदाही खंड पडला नव्हता.

रेवण पांढराफटक पडला. गावाकडं जाऊ म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं की गेलेला माणूस काही उठणार नाही, आठला कार्यक्रम संपला की निघू, आणि भक्तीला यातलं काही कळता कामा नये. त्यानं ऐकलं. तो नेहमीच माझं ऐकायचा.

त्या संध्याकाळी मी फार चांगलं वाजवलं. लाज वाटते सांगायला, पण तसं झालं खरं. तिसऱ्या गाण्याला माझ्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून गिटारच्या मागं काहीतरी पुटपुटल्यासारखं यायला लागलं. आधी वाटलं, लाइन खराब झाली असेल. मग मी समोर बघितलं. पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती, आणि अगदी शेवटच्या रांगेमागं अप्पा उभे होते. डावा हात छातीशी, उजव्या हाताची बोटं खांद्याजवळ हलत असलेली. गळ्यात काहीच नव्हतं. चेहऱ्यावर राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. पहारा संपायची वाट बघणारा माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते. माझ्यामागं रेवणच्या हातातून ड्रमची काडी निसटून पडली.

गावात अप्पांचं फार कौतुक झालं. वीणेच्या सेवेत गेला, भाग्यवान माणूस, असं जो तो म्हणाला. त्यांना बसवून, फुलांनी सजवून, भजन करत नेलं आणि समाधी दिली. मीही खांदा दिला. वीणा त्यांच्याकडं कशी गेली, हे कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्यानं हट्टानं मागून घेतली असेल, असं सगळे धरून चालले होते, आणि आम्ही ते तसंच राहू दिलं. फक्त बायनाबाईनं परत येताना मला गाठलं.

"अर्धवट झोपंत बघितलं मी. पाया न पडता दिलेली वीणा उतरत न्हाई, पोरा."

मी तिला म्हटलं, उन्हानं भलतंसलतं दिसतं आजी, पाणी पीत जा.

पुढच्या शनिवारी अप्पा दोन रांगा पुढं आले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी दोन. बोरीला एका वरातीत वाजवायला गेलो, तिथंही लाइटच्या गाडीमागं उभे. नाव होत होतं आमचं, लोक बोलवायला लागले होते, भक्ती खूश होती. रेवण मात्र वाळत चालला होता. एकदा सामान बांधताना तो मला म्हणाला, "त्यांना मागता येत न्हाई, श्री. कोणीतरी जाऊन घ्यायला पायजे. पहारा तुजा होता... तू घे."

मी म्हटलं, सीझन संपू दे.

खरं तर मला भीती वाटत होती. घेतली तर माझ्याकडून कोण घेणार, एवढाच विचार डोक्यात होता. अप्पा उभ्या उभ्या थकले असतील, असं एकदाही मनात आलं नाही.

उन्हाळ्यातला शेवटचा शनिवार. मैदान गच्च भरलेलं, आणि अप्पा स्टेजला अगदी लागून, माझ्यापासून चार हातांवर. ऊन अजून उतरलं नव्हतं, तरी त्यांच्याकडून रांजणाच्या तळाला येतो तसला ओला वास येत होता. त्यांचे पाय मांड्यांपर्यंत सुजलेले होते. मी मान वळवून वाजवत राहिलो. अर्ध्या गाण्यात ड्रम थांबले. रेवण उठला, स्टेजवरून खाली उतरला आणि जमिनीवर डोकं टेकवून अप्पांच्या पाया पडला. मग ताठ उभा राहिला, मान थोडी वाकवली, आणि त्याचा डावा हात छातीशी गेला. पोरांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. जोरात टाळ्या पडल्या.

अप्पा दिसेनासे झाले होते. मला हायसं वाटलं. दोस्ताचे ओठ हलताना दिसत होते, आणि मला हायसं वाटलं.

त्यानंतर रेवण बसला नाही. परभणीला दाखवलं, नांदेडला दाखवलं. झोपेचं इंजेक्शन दिलं तरी आडवं केलं की तो उठून उभा राहायचा, डोळे मिटलेले आणि तोंड चालू. शेवटी काकूंनी त्याला घरी आणलं. त्याला वडील नव्हते, घरात ही दोघंच. नवव्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला.

मी गेलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मधल्या खोलीत रेवण उभा होता. पाय फुटायला आले होते, आणि डाव्या खांद्यावर पट्टा रुतल्याचा निळा वळ होता. काकू चमच्यानं त्याच्या ओठांत पेज सोडत होत्या, ती हनुवटीवरून खाली सांडत होती. मला बघून त्यांनी वाटी खाली ठेवली.

"तू त्याचा दोस्त हायस. तुला काय तरी ठाव असंल. काय केलं म्हंजे सुटंल माझं लेकरू?"

रेवण माझ्याकडं बघत होता. त्याला मागता येत नव्हतं. चार पावलं पुढं जायचं, वाकायचं, एवढंच काम होतं, आणि त्या घरात ते करायचा हक्क कोणाचा असेल तर माझाच होता.

मी काकूंना सांगितलं. कसं वाकायचं, मान कशी पुढं करायची, सगळं नीट समजावून सांगितलं. पहारा माझा होता, एवढंच सांगितलं नाही.

मग आपलं स्वतःचं काय होईल, हे त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही. पदर खोचला आणि पोटच्या पोराच्या पाया पडल्या. रेवणही वाकला, आईच्या पायांना त्याची बोटं लागली. मग त्यानं गळ्यातून काहीतरी उचलून त्यांच्या गळ्यात घातलं आणि मटकन खाली बसला.

"पाणी..." तो म्हणाला.

पाणी मी दिलं, कारण काकूंचे हात आता मोकळे नव्हते. त्यांचे ओठ हलायला लागले होते. रेवणनं तांब्या संपवला आणि आईकडं बघितलं. त्यांची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. काय करायचं ते त्याला माहीत होतं. तो सुजलेले पाय चोळत राहिला. मग आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाला, "उद्या घेतो. जरा पाय मोकळे होऊ दे."

मी मान हलवली. त्याला आधार देऊन बाहेर आणलं आणि मागं दार लोटून घेतलं.

आम्ही ओट्यावर बसलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराआडून काकूंचा बारीक आवाज येत होता, मधूनच फाटत होता, पण थांबत नव्हता. आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो. कितीतरी वेळानं तो आवाज थांबला. एक श्वास घेण्याइतकाच. आणि परत सुरू झाला तेव्हा तो काकूंचा नव्हता. तरण्या पुरुषाचा होता.

दार उघडलं. काकू उंबऱ्यात आल्या, डावा खांदा चोळत. आधी त्यांनी रेवणकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत मागं वळून खोलीत बघितलं. आतला आवाज चालूच होता.

"आत येऊन आता पाया पडलास की माझ्या..." त्या म्हणाल्या. "मग हितं भाईर कोण बसलंय?"

दोघांपैकी कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. काकू, कोण आलं होतं, असं मी विचारलं. त्यांनी पायात चपला घातल्या आणि झरीला भावाकडं निघून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. लेकाचा फोनसुद्धा घेत नाहीत.

याला आता वर्ष होईल. त्या घराला कुलूप आहे, त्याच दिवशी आत न बघता आम्हीच लावलेलं. दुपारी गल्ली निवांत झाली की दाराला कान लावायचीही गरज पडत नाही, नामस्मरण ओट्यावरून सरळ ऐकू येतं. कधी कधी रेवण आणि मी तिथं जाऊन बसतो. किल्ली त्याच्या खिशात असते. रेवण मला म्हणतो, आतला आवाज तुझा आहे. मला तो सरळसरळ रेवणचा वाटतो.