ओटी भरलेली गाडी

उल्काला लीड्सला परत जायचं होतं, एवढीच साधी गोष्ट. साल १९९१, जानेवारी महिना. ख्रिसमसची सुट्टी संपलेली, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि या वेळी ती पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन निघाली होती. स्वतःची म्हणजे वडिलांची. आई गेल्यापासून लंडनमधल्या पिनरच्या घराच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून असलेली, मागे लांब डिकीची जुनी निळी इस्टेट गाडी.

ती गाडी तिने कितीदा मागितली होती. "तुला कशाला गाडी? ट्रेन आहेत ना?" हे वडिलांचं, पद्माकररावांचं, ठरलेलं उत्तर. यंदा मात्र त्यांनी आपण होऊन किल्ली तिच्या हातात ठेवली. शेवटी म्हातारा हरला, असं उल्काला वाटलं आणि मनातल्या मनात तिने गुढी उभारली.

निघताना त्यांनी डाव्या सीटवर हिरवा खण अंथरला. त्यावर मूठ मूठ तांदूळ, मग नारळ. हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यावरून सीटबेल्ट ओढून खटकन लावला.

"बाबा, गाडीची पूजा बॉनेटवर करतात ना? सीटवर काय हे?"

"कळत नसलं की गप्प बसावं माणसानं."

एवढं बोलून त्यांनी हात जोडले. गाडीला नव्हे, त्या सीटला. उल्काने नाक मुरडलं, आपल्या लांब पायांसाठी सीट पार मागे सरकवली आणि गाडी बाहेर काढली. आरशात बघितलं तर नेहमी कोपऱ्यापर्यंत हात हलवत उभे राहणारे बाबा दार लावून आत गेले होते.

मोटरवेवर धुकं होतं. दिवस असूनही दिवे लावावे लागत होते. मिल्टन कीन्सच्या अलीकडे गाडीत एक गोडसर, चिकट वास सुटला. काचा आतून धुरकटल्या. टेंपरेचरचा काटा सरकत सरकत लाल पट्टीत गेला, तशी तिने पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली. एक राउंडअबाउट, दुसरा राउंडअबाउट, आणि रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या एका ले-बायमध्ये इंजिनाने मान टाकली.

ती घाबरली नाही. उलट बाह्या सरसावल्या. गाडी गार होईपर्यंत थांबली आणि मग टॉर्च घेऊन एकेक गोष्ट तपासू लागली. फॅनबेल्ट धड होता. इंजिनखालची जमीन कोरडी. होजपाइप दाबून बघितले, कुठे चीर नाही. फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाण्याचा थेंब नाही, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळा लगदा. तिने बोट लावून नाकाशी नेलं.

हळद.

गळका रेडिएटर बुजवायला गावाकडे हळद टाकतात, हे तिने बाबांच्याच तोंडून ऐकलं होतं. म्हणजे गाडी गळतेय हे त्यांना माहीत होतं! शब्दानेही बोलले नाहीत. हळद कोंबली आणि पोरीला मोटरवेवर सोडून दिलं. तिच्या कानशिलापर्यंत राग चढला.

पण मग पाणी गेलं कुठे?

तिने डावीकडचं दार उघडलं. सीटपुढचं कार्पेट चिंब होतं, दाबलं की पिवळं पाणी वर येत होतं. म्हणजे डॅशबोर्डमागचं हीटरचं छोटं रेडिएटर फुटलं होतं. वास, धुरकट काचा, कोरडी जमीन, सगळ्याचा उलगडा झाला. हीटरला जाणारे दोन पाइप काढून त्यांचा मार्ग बंद केला की गाडी चालणार होती.

दार लावता लावता तिचा हात थांबला. नारळ पायापाशी पडला होता. बेल्ट तसाच लावलेला. आणि खणावरचे तांदूळ दोन्ही बाजूंना सरकले होते... मधोमध कोणी बसल्यावर सरकतील तसे.

ब्रेक लागला असेल, ती स्वतःला म्हणाली.

धुक्यात जवळच पेट्रोल स्टेशनचा दिवा दिसत होता. तिथे तिने पाण्याचा डबा भरून घेतला आणि बाहेरच्या फोनबॉक्समधून घरी फोन लावला. बाबांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं.

"गाडी बंद पडलीय. ब्रिलियंट, बाबा! हळद? सीरियसली?"



"कुठे आहेस?"

"मिल्टन कीन्स."

"डावीकडचं... कार्पेट भिजलंय का?"

उल्काचा आवाज उतरला. "मी तर सांगितलंच नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"ती उतरली का गं?"

"कोण?"

"मी ओटी भरली होती. नीट पाठवणी केली. तुझ्याकडे राहील आता..." ते भराभर, दबक्या आवाजात बोलत होते. "गॅरेजमधून आवाज यायचा. मला सहन होईना उल्का, माझं वय झालं. तू मुलगी तिची. तुला ती काही करणार नाही."

"आई हॉस्पिटलमध्ये गेली ना? झोपेत. तुम्ही सांगितलंत. सगळ्यांनी सांगितलंत मला."

"पोचलोच नाही आम्ही. मोहनमामाकडून परत येत होतो, तिच्या छातीत दुखायला लागलं आणि गाडी तापली. तिथंच... तू आहेस तिथंच कुठेतरी. अँब्युलन्स बोलवा म्हणत होती. मी म्हटलं, थांब, सामानात हळद आहे, आत्ता चालू करतो..."

"आणि?"

"ती विचारत राहिली, झालं का हो? झालं का हो?" ते रडायला लागले. "अजून विचारते."

उल्काने फोन ठेवला नाही, आदळला. इतकी वर्षं तिने एका शांत पलंगावरच्या लहानखुऱ्या आईसाठी दिवा लावला होता. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने तो पलंग तिच्यासाठी सजवला होता. आणि आता म्हाताऱ्याला झोप लागेना म्हणून ती आईच पोरीच्या गळ्यात बांधून मोकळा झाला होता. वर म्हणे पाठवणी!

ती परत आली. बॉनेटखाली वाकून तिने हीटरचे दोन्ही पाइप सोडवले, त्यातला एक वळवून इंजिनाच्या दोन्ही तोंडांना बसवला. बोटं थंडीने बधिर झाली होती, क्लिप आवळता आवळत नव्हती. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. धुक्यात फक्त स्क्रूड्रायव्हरची करकर.

आणि बंद काचेपलीकडून, दमलेल्या, अगदी हळू आवाजात...

"झालं का गं?"

उल्काच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला. तिने वर बघितलं नाही. बघायचं नाही, एवढंच तिला कळलं. डावीकडच्या काचेवर आतून वाफेचा एक गोल उमटत होता, विरत होता, पुन्हा उमटत होता.

तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. क्लिप आवळली. पाणी ओतलं. उजवीकडच्या सीटवर बसली, किल्ली फिरवली, आणि इंजिन लागलं तेव्हा समोर बघतच म्हणाली, "झालं, आई."

तिने गिअर टाकला.

"लीड्स नाही," ती दात आवळून म्हणाली. "घरी जाऊ. ज्यानं तुला थांबवलं, त्यालाच विचार."

तिने राउंडअबाउटला पूर्ण वळसा घातला आणि गाडी लंडनच्या दिशेला लावली. काही अंतर गेल्यावर डावीकडची काच निवळली, आणि निवळलेलीच राहिली. हीटर तोडल्याचा परिणाम, तिने ठरवून टाकलं. कार्पेट मात्र तिने चाचपलं नाही.

पिनरला पोचली तेव्हा अंधारून आलं होतं, लोक घरोघरी पडदे ओढून घेत होते. तिने गाडीला कुलूप लावलं. घराचं पुढचं दार उघडं होतं. आत सगळे दिवे जळत होते, फोनचा रिसीव्हर खाली लोंबत होता. बाबांचा कोट खुंटीवर, बूट दारात.

"बाबा!"

शेजारचे शशीकाका कुंपणापलीकडून डोकावले. "का गं, परत आलीस? काय विसरलीस? तुमच्या पिढीला मेलं काही लक्षातच राहत नाही."

"काका, बाबा कुठेत?"

"मलाच काय विचारतेस? तुझ्याच गाडीतून गेला की तासाभरापूर्वी. स्लिपर घालून! मी हाक मारली तर बघेना. नुसता समोर बघत बसलेला, डावीकडच्या सीटवर."

"तासाभरापूर्वी मी मिल्टन कीन्सला होते. गाडी माझ्याकडे होती."

"निळी इस्टेट मला ओळखू येत नाही होय? इतकी वर्षं बघतोय." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण आता तू उभी आहेस तर वाटतं, चालवणारी तू नव्हतीस बहुतेक. ती अगदी बुटकीशी होती. पार स्टिअरिंगला टेकून बसलेली. म्हटलं, हिला गाडी चालवायला शिकवली तरी कुणी?"

उल्का धावत गाडीकडे गेली. चारही दारं बंद होती, कुलूप तसंच होतं. तिने किल्ली लावून दार उघडलं आणि बाबांना शोधायला निघावं म्हणून घाईघाईने आत बसायला गेली.

पाय आत जाईनात. गुडघे स्टिअरिंगवर आपटले.

कोणीतरी सीट पुढे ओढून घेतली होती.