वैजयंती हजर

आमच्या आश्रमशाळेत प्रत्येक मुलीच्या ताटावर तिचं नाव कोरलेलं असतं. नाव नसलं की ताटांवरून भांडणं होतात, आणि ती सोडवायला अधीक्षिका म्हणजे मी. पाचवी-सहावीला गणितही मीच शिकवते. पिंपरी पेंढारला माहेरी मला ‘मोजणी खातं’ म्हणून चिडवतात, कारण घरातले चमचेसुद्धा मी मोजून ठेवते. वसतिगृहात मुली बेचाळीस. सकाळी मोजायच्या, जेवताना मोजायच्या, अंथरुणं घातल्यावर मोजायच्या. सात वर्षांत माझा आकडा चुकला नव्हता.

शाळा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर आहे. टाकीचं पाणी पुरत नाही, म्हणून रविवारी मुली कपडे धुवायला खाली काठावर जातात. जानेवारीतल्या त्या रविवारी जाताना मी त्या मोजल्या. येताना मोजल्या नाहीत. मुख्याध्यापक सयाजी सरांनी तपासणीचे कागद भरायला मला मध्येच वर बोलावलं, आणि मी लहान मुली मोठ्या मुलींवर सोपवून गेले.

संध्याकाळी जेवायला एक्केचाळीस भरल्या. नव्हती ती सहावीतली वैजयंती, आहुप्याकडच्या वाडीवरची. दिवाळीनंतर एकदा ती अशीच न सांगता घरी पळाली होती. सरांचं म्हणणं, आताही तशीच गेली असणार. वाडीवर फोनला रेंज नाही. सकाळी तपासणी होती.

“हजर मांडा, मॅडम,” सर म्हणाले. “दोन दिवसांत बाप आणून सोडतोय बघा.”

मी मांडली. गैरहजर मांडली असती तर पहिला प्रश्न आला असता, की मुली पाण्यावर असताना अधीक्षिका कुठे होत्या. त्याआधी बॅटरी घेऊन काठावर जाऊन आले होते. पाणी निवांत होतं आणि एकही कपडा मागे राहिलेला नव्हता. तेवढ्यावर मी समाधान मानलं, याची मला आजही शरम वाटते.

सोमवारी तपासणी सुरळीत पार पडली. दुपारी धुतलेली ताटं रचताना वैजयंतीचं ताट हाताला लागलं. ते ओलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या लंकाबाईंना विचारलं, हे कुणी घेतलं?

“मीच वाढलं की तिला. रोजच्या जागंला बसली व्हती.”

लंकाबाई खाली मान घालून वाढतात, सवयीने एक ताट जास्त वाढलं गेलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तरी त्याच दिवशी सरांच्या मागे लागून एसटीच्या कंडक्टरबरोबर वाडीवर निरोप धाडायला लावला. सरांनी निरोप दिला तोही झाकून, की तिच्या बापाने, भागूने, शाळेत येऊन जावं. कशासाठी, ते नाही.

मंगळवारी सहावीच्या वह्या तपासायला घेतल्या. सकाळी फळ्यावर दिलेली गणितं पुस्तकातली नव्हती, आकडे मी जागेवर बदलले होते. गठ्ठ्यात वैजयंतीची वही होती. तिचा तो डावीकडे कललेला नऊ, आणि सगळी उत्तरं बरोबर.

खरं सांगते, मला आनंद झाला. म्हणजे पोरगी शाळेतच कुठेतरी लपली होती आणि मैत्रिणी तिला सांभाळत होत्या. मी लाकडांची खोली पाहिली, गच्ची पाहिली, शेवटी पाण्याची टाकीही उपसायला लावली. तळाला गाळ निघाला, बाकी काही नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं सर हसत म्हणाले. सहावीच्या मुलींना मी दटावून विचारलं, तेव्हा त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, “बाई, ही काय, बसलीय की.”

तिने दाखवलेली जागा रिकामी होती. दोन्ही बाजूच्या मुली मात्र आखडून बसल्या होत्या, मध्ये एकीपुरती जागा सोडून.

बुधवारी दुपारच्या गाडीने भागू आला. खांद्याला पिशवी, पिशवीत तांदळाच्या पापड्या. “काय केलं का आमच्या वैजूनं?” त्याने विचारलं.

म्हणजे ती घरी पोचलीच नव्हती. तीन दिवस तिला शाळेबाहेर कुणी शोधलं नव्हतं, कारण माझ्या हजेरीत ती हजर होती. मी त्याला व्हरांड्यात बसवलं आणि सरांना गाठलं. आता लपवायचं नाही, मी त्याला सगळं सांगणार, असं बजावून बाहेर आले, तर भागू सहावीच्या वर्गाच्या दारातून परत येत होता. पिशवी रिकामी होती.

“भेटली,” तो म्हणाला. “फार काय बोलली न्हाई. मॅडम, हात लई गार पडल्यात तिचं. स्वेटर घालाया लावा.”

तो गाडी पकडायला गेला. मी त्याला हाक मारली नाही. काय सांगणार होते?

गुरुवारी सकाळी हवालदार आले. मासे धरणाऱ्यांना पाण्यात एका मुलीचं प्रेत सापडलं होतं. दहा-बारा वर्षांची, अंगावर साधा फ्रॉक. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. आसपासच्या सगळ्या वसतिगृहांत ते विचारत फिरत होते.

मी सांगितलं, “आमची एक कमी आहे. वैजयंती.”

सरांनी लगेच सांगितलं, की कालच तिचा बाप तिला भेटून गेला. हवालदारांनी मुलींना व्हरांड्यात ओळीने उभं केलं आणि बोट दाखवत मोजल्या. बेचाळीस. वैजयंती कोणती, असं विचारलं. ओळीत कुठेतरी बघून त्यांनी मान डोलावली.

मग मी मोजल्या.

बेचाळीस.

पुन्हा मोजल्या, एकेकीच्या डोक्याला हात लावून, नाव घेत. एकही चेहरा अनोळखी नव्हता. वैजयंतीचा त्यात नव्हता.

बेचाळीस.

“काल बापानं सोता बघितलीया म्हणत्यात, मॅडम,” हवालदार समजुतीने म्हणाले. “झोप न्हाई झाली का तुमची?”

‘सर्व मुली हजर’ असं लिहून त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली.

पुढच्या बुधवारी भागू पुन्हा आला, स्वेटर घेऊन. गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला. मी न विचारताच सांगायला लागला. गाडी चुकली म्हणून डिंभ्याला बसला होता. पोलिसांना त्या बेवारस पोरीसाठी खड्डा खणायला माणूस हवा होता.

“कुणाची व्हती देवाला ठावं. आमच्या वैजूएवढीच. कुणी रडायला बी नव्हतं, मॅडम. मग मीच माती दिली.”

त्याने स्वेटर कठड्यावर ठेवला.

“तिला काय सांगू नका, भेल ती,” तो म्हणाला. “आन् जरा पाणी द्या. मातीवरनं आलोय, पोरीला असा कसा शिवू?”

मी बादली भरून दिली. त्याने हातपाय चोळून धुतले, तोंडावर पाणी मारलं, स्वेटर उचलला आणि तो सहावीच्या वर्गाकडे गेला.