दोन हजार एकावी हाक

माझं काम गर्दी करायचं. आमची टीम अँब्युलन्स बोलवायचं अ‍ॅप बनवत होती आणि एकदम दोन हजार लोकांनी मदत मागितली तर ते मान टाकतं का, हे मी बघायचे. दोन हजार खोटे रुग्ण, खोटे पत्ते, सगळे मीच लिहिलेले. कुणाच्या छातीत दुखतंय, कुणी जिन्यावरून पडलंय. बटण दाबलं की सगळे एकदम ओरडायचे आणि मी चहा पीत आकडे बघायचे.

सोमवारी दोन हजार एक आले.

दोन हजारांना दोन सेकंदांत उत्तर गेलं. उरलेला एक टेस्ट संपेपर्यंत ताटकळत राहिला. त्याच्या पत्त्यात फक्त भागाचं नाव होतं, तेही आमच्याच भागाचं. असा एखादा वेडावाकडा आकडा सगळी सरासरी नासवतो, म्हणून तो काढून टाकायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. मी काढला. अहवाल देखणा झाला.

मंगळवारी पुन्हा तेच. आता पत्त्यात गल्लीही होती, आमचीच.

"तूच टाकला असशील घरचा पत्ता, आणि विसरलीस," शेजारचा प्रोग्रामर म्हणाला. त्याचं तोंड कधी मिटत नाही म्हणून त्याला सगळे पोपट म्हणतात. मी यादी तीनदा चाळली. आमच्या गल्लीतला एकही पत्ता त्यात नव्हता. तरीही मी तो आकडा वगळला, सांगायला लाज वाटते.

बुधवारी इमारत आणि तिसरा मजला आला. आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. एकाला वर्षभर कुलूप, दुसऱ्यात बाबा आणि मी. बाबांची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. मी लगेच घरी फोन लावला.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? शब्दकोडं सोडवतोय," बाबा फोनवर खेकसले. "तूच जेवत जा जरा वेळेवर. आवाज बघ कसा खोल गेलाय."

गुरुवारी सकाळी रोजच्यासारखी उभ्याउभ्या मीटिंग झाली. मी म्हटलं, ठरलं असलं तरी उद्या अ‍ॅप लोकांच्या हातात द्यायचं नाही.

"दोन हजारांत एक," टीमच्या मॅडम म्हणाल्या. "एवढ्यासाठी अडून बसायचं?"

"तो एक माझा बाप असला तर?"

मॅडमनी कारण शोधायला दुपारपर्यंत वेळ दिला.

दुपारी मी गर्दी सोडलीच नाही. एकच खोटा रुग्ण पाठवला.

दोन आले.

दुसऱ्याचा पत्ता आता पुरा होता, अगदी दाराच्या नंबरासकट. फोन करणारा: वडील. नंबर बाबांचा.

रुग्ण: स्त्री. वय: चौतीस. तक्रार: शुद्धीवर नाही.

मी चौतीस वर्षांची आहे. पोपट विचारत होता, पाणी देऊ का. मी त्याला हातानंच थांबवलं आणि बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अहो ताई, केव्हापासून बटण दाबतोय मी!" बाबांचा आवाज कापत होता. "कुणीच कसं उत्तर देत नाही?"

"बाबा, मी बोलतेय."

"मुलगी ऑफिसातून लवकर आली, डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. ती उठतच नाहीये हो. हात गार पडलाय तिचा."

"बाबा, मी ऑफिसात आहे. इथे आहे मी!"

"ताई, ऐकू येतंय ना माझं? गाडी निघाली का तेवढं सांगा."

मी माझं मनगट घट्ट धरलं होतं. नाडी लागत होती, बहुतेक.

"निघालीय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"उपकार झाले," बाबा म्हणाले. "दार उघडंच ठेवतो."