पाच पत्त्यांचा प्रश्न

सेमिनारची एकच खोली दोघांच्या नावावर बुक झाली, म्हणून आमची गाठ पडली. मी फळा अर्धा भरला होता. तो आत आला, माझ्या सिद्धतेतली चूक दाखवली आणि मोकळा झाला. त्या दिवसापासून मी त्याला शंकासुर म्हणते.

आमचं काम एकच. आपापलं गुपित न उघडता दोघांनी मिळून उत्तर कसं काढायचं, आणि कुठे ते काही केल्या निघत नाही. वर्षभर आम्ही यावरून कडाकडा भांडलो. मग त्याला परगावच्या विद्यापीठात जागा मिळाली. सोमवारी 'हो' की 'नाही' ते कळवायचं होतं.

शुक्रवारी चहाच्या टेबलावर त्याने पाच पत्ते टाकले. तीन लाल, दोन काळे.

"खेळायचं?"

हा खेळ आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. दोघांनी दोन-दोन पत्ते, एक लाल आणि एक काळा, पालथे ठेवायचे, क्रमावरून 'हो' की 'नाही' ठरतं. मध्ये एक लाल. मग पत्ते कापून उघडायचे. गोलात मांडल्यावर तिन्ही लाल शेजारी आले, तर दोघांचंही 'हो'. नाहीतर 'नाही' म्हणणाऱ्याला समोरच्याचं काहीच कळत नाही. 'हो' म्हणणाऱ्याला मात्र नकार कळतोच.

"प्रश्न काय आहे?"

"तो... तुला माहीत आहे."

त्याचे कान लाल झाले होते. माझ्यामुळे तो अडकायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. मी 'नाही' ठेवलं.

लाल पत्ते शेजारी आले नाहीत.

"ठीक आहे," तो हसला. पत्ते गोळा करताना ते दोनदा त्याच्या हातून निसटले. सिद्धतेत असे हात गृहीत धरलेले नसतात.

"थांब," मी म्हणाले. "पत्ते ठेवतानाच कुणी खोटं बोललं तर?"

"त्यावर कुठल्याच पद्धतीत इलाज नाही, हे तर उघडच—" त्याने पत्ते खाली ठेवले.

"मी खोटं बोलले. तू मला आवडतोस. खूप."

"म्हणजे मला तुझं कळलं, आणि तुला माझं अजून नाही..."

"असंच होतं. दोघांना नेमकं एकाच क्षणी कळेल, अशी खात्री कुणालाच देता येत नाही. आता तू उठून गेलास, तर मी काय करणार?"

तो उठला. टेबलाला वळसा घालून तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"मी जाणार आहे," तो म्हणाला. "त्यांना सोमवारी 'हो' कळवीन. तुला मात्र 'हो' आत्ताच सांगतो."