हातभर जागा

रविवारी सकाळी सारिका शिवऱ्याला आली ती फक्त विसरलेला जेवणाचा डबा न्यायला. पण दारातच तिचं डोकं भडकलं. आदल्या दिवशी तिनं गुळगुळीत करून ठेवलेल्या भिंतीवर एक अनोळखी माणूस लोखंडी पट्टी चालवत होता. पुट्टीचे पापुद्रे खाली पडत होते. आणि पट्टीसुद्धा तिचीच होती, डाव्या कोपऱ्यात तुटलेली.

"ओ पाव्हणं, काय चाललंय?"

तो दचकून वळला. चष्म्यावर पांढरी भुकटी, भुवयांवर भुकटी... "भिंत खरवडतोय."

"ते दिसतंय मला. कुणाला इचारून?"

"घर माझं आहे," तो चाचरत म्हणाला. "तुम्ही सारिकाताई का? आपलं फोनवर बोलणं झालं होतं. मी एझरा रोहेकर."

सारिका कपाळावर हात मारून घ्यायची तेवढी राहिली. बुधवारी आली तेव्हा दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब, हातभर रुंद असा चौकोन उघडा दिसला होता. आधीच्या कारागिराचा आळशीपणा समजून तिनं तो भरला. शनिवारी पाहते तो पुन्हा उघडा! ओल आली असेल म्हणून तिनं दुप्पट पुट्टी भरली.

"म्हंजी दोन्ही येळा तुमीच?"

"आणि मी म्हणतोय, जागा बुजतेय कशी."

दोघंही हसली असती. पण सारिकाला अजून राग आवरायचा होता. नसरापूरच्या सर्जेराव पेंटरची लेक ती. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बापाच्या हाताखाली ती वयाच्या दहाव्या वर्षापासून शिकलेली. पुढं फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, घरं रंगवायची कामं उरली. पण अर्धं काम टाकून सारिका घरी आली, असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

"आमच्यात नवं घर पूर्ण रंगवत नाहीत," एझरा सांगू लागला. "आम्ही बेने इस्रायल. ज्यू. मूळचे कोकणातले, आता पुण्यात. यरुशलेमचं आमचं मंदिर पाडलं गेलं, त्याच्या आठवणीसाठी दारासमोर एवढी जागा कोरी ठेवतात."

"कवा पाडलं?"

"झाली की दोन हजार वर्षं."

"अन् अजून सुतक?"

आता मात्र तो खळखळून हसला. "सुतक नाही हो. घर कितीही छान झालं तरी काहीतरी अपुरं आहे, एवढं लक्षात राहावं, म्हणून."

सारिकानं त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. "ठेवायची तर ठेवा. पन असली वाकडीतिकडी न्हाई. लोकं मला नावं ठेवतील." तिनं ओळंबा सोडला, दोरी धरायला त्याला उभं केलं आणि तासाभरात चौकोनाच्या कडा आखल्यासारख्या सरळ केल्या. दोरी धरताना तो चौकोनाकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होता, हे तिच्या लक्षात आलंच. पेंटरची नजर ती...

एझरा आठवड्यातून तीन दिवस भोरला येई. मन जड झालेल्या माणसांचं ऐकणं, हे त्याचं काम. त्यासाठीच त्यानं शिवऱ्यात या दोन खोल्या घेतल्या होत्या. तो स्वप्नंही ऐकतो, ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या चंद्राबाई रोज सकाळी आपलं स्वप्न घेऊन हजर.

"ताकाच्या डेऱ्यात नाग निघाला, डाक्टर. काय व्हईल?"

"तुम्हाला काय वाटलं त्याला बघून?"

चंद्राबाई वैतागून सारिकाकडं वळल्या. "बघ गं. सांगत काईच न्हाई. मलाच इचारतोय."

"खरंच सर, सांगत का न्हाई?" त्या गेल्यावर सारिकानं शिडीवरून विचारलं.

"कारण नाग त्यांचा आहे." त्यानं तिला चहाचा कप वर दिला. "मनाला तळघर असतं, सारिकाताई. आपल्याला ठाऊकही नसतं, इतकं खोल. देव, राक्षस, महापूर, नाग... जगातल्या सगळ्या जुन्या कथा तिथूनच वर आल्यात. चित्रं, गाणीही तिथूनच. म्हणून तर कुठल्याही देशाची गोष्ट ऐकली तरी ती ओळखीची वाटते."

सारिका ब्रश थांबवून विचार करत राहिली. "बुद्धांच्या गोष्टीत मार हाये. झाडाखाली बसल्यावर फौज घिऊन आला त्यांना भिववायला. विहारात ते चित्र आमच्या बाबांनी काढलंय. बाबा म्हणत्यात, तो भाईरून आलाच नव्हता."

एझरा तिच्याकडं बघतच राहिला. "मी सहा वर्षं घालवली हे शिकायला. तुमच्या बाबांनी एका वाक्यात संपवलं."

बापाचं कौतुक ऐकून तिला इतकं बरं वाटलं की चहा गार झाला तरी तिनं तक्रार केली नाही. फक्त म्हणाली, "अन् ताई नका म्हणू मला."

"बरं. मग तुम्हीही सर म्हणू नका."

झालं... आता हाक काय मारायची? दोघंही 'अहो'वर आली. ते ऐकून चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

रंगाचे ठरले होते दोन हात. सारिकानं तिसरा दिला. थंडीत रंग धरत नाही, असं ती स्वतःलाच सांगत होती. मग दरवाजे पुन्हा घासले, मग खिडक्यांचे गज.

"किती रंग देतीस त्या घराला?" एके दिवशी सर्जेराव म्हणाले. "खोल्या बारक्या व्हतील."

सारिका लाजून भाकरी मोडत बसली. सोमवारपासून चाकणला एका कंपनीच्या क्वार्टर्सचं काम होतं. सहा महिने तिकडंच राहायचं. म्हणजे शुक्रवारी इथलं आवरलं की संपलं. हा माणूस गावाचं ऐकतो, पण स्वतः काही बोलेल तर शपथ.

गुरुवारी तिनंच विषय काढला. "मलाबी एक सपान पडलं. मी भिंत रंगवतीय आन् ती संपतच न्हाई."

"दमला होतात?"

"न्हाई." तिनं मान खाली घातली. "लई बरं वाटत व्हतं..."

एझराचे कान लाल झाले. मग कोऱ्या चौकोनाकडं बघत तो वेगळंच बोलू लागला. "आमच्या जुन्या साधकांची एक कल्पना आहे. आधी सगळीकडं देवच भरलेला होता. जगाला ठेवायला जागाच नव्हती. मग देव थोडा मागं सरकला. ती जी जागा रिकामी झाली, तिच्यात हे जग आलं. नवं काही यायचं तर आधी कुणीतरी सरकावं लागतं."

"यश्टीत सरकत्यात तसं?"

"अगदी तसंच," तो म्हणाला, आणि पुढं पुन्हा काही नाही. सारिका मनातल्या मनात चरफडली.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं डबे बांधले, शिडी उचलली आणि शेवटची नजर टाकायला आतल्या खोलीत गेली. खिडकीशेजारी नवा चौकोन होता. हातभर लांब, हातभर रुंद, कडा वाकड्या. डाव्या बाजूला एक बारीक रेघ उठली होती. तुटक्या कोपऱ्याची ती पट्टी सकाळपासून तिला सापडत नव्हती.

"अहो," तिनं हाक मारली. "ही कुठल्या मंदिराची?"

एझरा दारात येऊन उभा राहिला. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा दिसतो तसा दिसत होता.

"ही मोडलेल्या कशाची नाही. अजून व्हायचंय, त्याची आहे." त्यानं लपवलेली पट्टी पुढं केली. "तुम्ही अर्धं काम टाकून जात नाही ना. म्हटलं, काहीतरी अर्धं राहिलं तर... सारिका, तू मला फार आवडतेस. आईनं घर पूर्ण झालं की मलिद्याचा, आमच्या गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोललाय. तीन आठवडे मी तिला सांगतोय, घर अजून झालं नाही."

सारिका भिंतीकडं वळली, कारण तिला रडू येत होतं आणि हसूही. तिनं त्या वाकड्या कडेवरून बोट फिरवलं. पुट्टीचा एक डबा बांधायचा राहून पायाशीच होता. दहा मिनिटांचं काम.

"सोमवारी मी चाकणला जानार," ती म्हणाली. "काम घेतलंय."

"हो... बरोबर आहे."

"रविवारी सुट्टी असती. शिवऱ्याला यश्टी थांबती." तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "अन् ही जागा मी भरनार न्हाई. कडाबी राहू द्या वाकड्या."

"लोक नावं ठेवतील."

"ठेवू द्यात की."

दिवस मावळायला आला होता. एझरानं घाईनं तेलाचे दिवे लावले. त्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस सुरू होत होता; आता उद्याच्या संध्याकाळपर्यंत त्याला कसलंही काम चालणार नव्हतं. तो उंबऱ्यावर येऊन बसला. पलीकडं हायवेवरून गाड्या धावत होत्या आणि चंद्राबाई उगाचच चौथ्यांदा अंगण झाडत होत्या.

"बोलायला चालतं ना?" सारिकानं विचारलं.

"बोलायला चालतं."

"मग सरका जरा," ती म्हणाली.

तो सरकला, आणि ती त्याच्याशेजारी बसली.