उदयन की सॅम्युअल

२०६४ सालच्या ऑगस्टमध्ये श्रवणविज्ञान संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर दोन माणसं बसली होती. मध्ये तिसरा माणूस सहज मावला असता, एवढं अंतर त्यांनी राखलं होतं. एक शार्दूल मिठारी, वय त्रेसष्ट. आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत साचे घडवण्यात गेलेलं. दुसरे इरफान मुजावर, वय छप्पन्न. हायस्कूलमध्ये गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. दोघांची चाळीस वर्षांची ओळख होती आणि पाच महिने बोलणं बंद होतं.

भांडण गायकावरून होतं.

'शिलारस' हा कोल्हापूरचा रॉक बँड २०११ साली उभा राहिला. पहिली सात वर्षं उदयन सरनोबत गायला. तो सोडून गेल्यावर सॅम्युअल गायकवाड आला आणि बारा वर्षं टिकला. मग ऋजुता नावाची मुलगी आली, पण तोवर बँडच थकला होता. शार्दूलसाठी शिलारस म्हणजे उदयन. इरफानसाठी सॅम्युअल. ऋजुताच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं: तिचं नावही काढायचं नाही.

दोघांनी मिळून चालवलेल्या 'शिलारस मंडळा'त एके काळी चारशे सभासद होते. दर बैठकीत तोच वाद निघे. उदयनचा आवाज छातीतून येतो, सॅम्युअलचा नुसता घशातून. सॅम्युअलला शब्द कळायचे, उदयनला फक्त ओरडता यायचं. लोक कंटाळले, एकेक करून गळाले. तेवढ्यात राज्याच्या ध्वनिसंग्रहालयाने कळवलं की बँडचं एकच गाणं कायमचं जतन होईल. 'खाणीतला सूर्य' हे गाणं ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण ते तिघांनीही गायलं होतं. कोणाचं पाठवायचं, यावर तीन वर्षं गेली आणि अखेर मंडळात हे दोघंच उरले.

मार्चमधल्या शेवटच्या बैठकीत शार्दूल बोलून गेले, "तू मुळात आमच्यातला नाहीसच इरफान. उशिरा आलेला पाहुणा आहेस तू."

इरफान चप्पल घालून निघून गेले. तेव्हापासून अबोला.

डॉ. यशोधरा बागल यांनी दोघांना आत बोलावलं. सात वर्षं एकाच संशोधनात घालवल्याचा शीण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्यांच्या प्रयोगाची बातमी वाचून, हा वाद एकदाचा मिटावा म्हणून दोघांनी आपापली नावं दिली होती.

"पुन्हा एकदा नीट सांगते," त्या म्हणाल्या. "तेरा ते सोळा या वयात मेंदूत एक दार उघडं असतं. त्याला आम्ही श्रवणद्वार म्हणतो. त्या काळात जो आवाज मन हलवून आत शिरतो, तो कायमचा उमटतो. हा स्वरठसा. मग दार बंद होतं. पुढे ऐकलेला प्रत्येक आवाज माणूस त्या ठशाशी ताडून बघतो. तुम्ही चौदाव्या वर्षी उदयनला ऐकलंत, मिठारी. मुजावर सरांनी त्याच वयात सॅम्युअलला. तुमचा सगळा वाद एवढाच आहे."

"चाळीस वर्षं आम्ही आपापल्या वयावरून भांडत होतो म्हणायचं," शार्दूल म्हणाले.

"जवळजवळ. आमच्या द्वारमोचक फवाऱ्याने ते दार फार तर तीन तासांपुरतं पुन्हा उघडतं. जुना ठसा पुसला जातो, आणि पहिला नवा ठसा उमटताच दार मिटतं. नंतर दार पुन्हा उघडत नाही. आयुष्यात एकदाच."

इरफान यांच्यातला शिक्षक जागा झाला. "पण मग ज्याचं गाणं आधी वाजवाल तोच जिंकणार. यात न्याय कुठे आला?"

"दोन्ही एकाच वेळी वाजतील. एका कानात उदयन, दुसऱ्यात सॅम्युअल, दर ओळीला कान बदलून. मेंदू ज्याला धरेल तो खरा."

"आणि स्वतःचाच आवाज उमटला तर?"

"बोलताना मेंदू आपल्या आवाजाकडे कानाडोळा करतो. तो उमटत नाही." त्यांनी संमतिपत्रं पुढे सरकवली. "जे आज प्रिय आहे ते उद्या कदाचित नसेल. सही करण्याआधी याचा विचार करा."

शार्दूलनी लगेच सही केली. "किती वर्षं भांडायचं बाई? दमलो आता."

इरफाननी पेन बराच वेळ हातात धरलं, मग सही केली.

नाकात फवारा दिल्यावर दोघांना एका बंद खोलीत बसवलं. डोक्यावर मेंदूआलेखाच्या जाळीदार टोप्या होत्या. दार उघडायला चाळीस मिनिटं लागतील, तोवर बोलायला हरकत नाही, असं सांगून डॉक्टर बाहेर गेल्या.

दहा मिनिटं दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

"गुडघा कसा आहे?" शेवटी शार्दूलनी विचारलं.

"आहे तसाच."

मग शार्दूल खाली बघत म्हणाले, "मार्चमधलं माझ्या डोक्यातून जात नाही रे. जीभ घसरली म्हणू नये, मी ते बोललो. चुकलो."

"दादा, तुम्ही दुसरं काहीही म्हणाला असतात तर चाललं असतं." इरफान यांचा आवाज फार हळू होता. "अब्बा गेले तेव्हा आठ दिवस माझ्याबरोबर कोण राहिलं होतं? तुम्हीच की. मंडळाचं पत्रक मी अकरा वर्षं हाताने लिहिलं. आणि तुम्ही मला पाहुणा म्हणालात."

शार्दूलनी टोपीखालचा घाम पुसला. "मला वाटायचं, उदयन हरला तर माझं तरुणपणच खोटं ठरेल. म्हणून तुला तोडायला निघालो. वेडा आहे मी लेका."

"मीही काही कमी नव्हतो," इरफान म्हणाले. "उदयन वारला त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला नाही. केला असता तर मला रडू आलं असतं, आणि तुम्हाला ते कळलं असतं."

"रडला असतास?"

"चांगला गायचा हो तो."

शार्दूल आधी हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. बराच वेळ ते दोघं असंच काहीबाही बोलत राहिले.

बरोबर चाळिसाव्या मिनिटाला डॉक्टरांनी शांत राहायला सांगितलं, कानांवर कर्णपुटं चढवली आणि 'खाणीतला सूर्य' सुरू झालं. आलेखाची रेघ वर गेली नाही. पहिलं कडवं संपलं, दुसरं संपलं. डॉक्टरांनी जोडण्या तपासल्या. गाणं पुन्हा लावलं. मग दोघांचे आवाज वेगवेगळे ऐकवले. तरी काही नाही.

"कसं वाटलं?" त्यांनी कर्णपुटं काढत विचारलं.

"चांगलं गातात," शार्दूल म्हणाले आणि स्वतःच दचकले. हे गाणं लागलं की एकोणपन्नास वर्षं त्यांच्या अंगावर काटा यायचा. "इरफान, तुला काही झालं?"

इरफाननी मान हलवली. "शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसं."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. जुने ठसे पुसले गेले होते, यात शंका नव्हती. पण नवे? त्यांनी सुरुवातीपासूनचा आलेख उलगडला आणि त्यांचा हात थांबला. शार्दूल यांच्या आलेखात अठराव्या मिनिटाला उंच कडा उभा राहिला होता. इरफान यांच्या आलेखात एकविसाव्या.

"चाळीस मिनिटांचा हिशेब मी विशीतल्या मुलांवर बसवला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "या वयात औषध नाकातून लवकर चढतं. हे मला सुचायला हवं होतं. तुमची दारं निम्म्या वेळातच उघडली. त्या वेळी खोलीत गाणं नव्हतं."

"मग काय होतं?" इरफाननी विचारलं.

डॉक्टरांनी खोलीचं ध्वनिमुद्रण लावलं. 'दादा, तुम्ही दुसरं काहीही म्हणाला असतात तर चाललं असतं,' असं यंत्रातून ऐकू आलं, आणि शार्दूल यांच्या दंडावरचे केस उभे राहिले. पडद्यावरची रेघ थेट वर चढली. मग शार्दूल यांचा आवाज आला, 'म्हणून तुला तोडायला निघालो,' आणि इरफाननी तोंडावर हात धरला.

डॉक्टरांनी ध्वनिमुद्रण थांबवलं.

"हे परत फिरवता येईल?" अखेर शार्दूलनी विचारलं.

"नाही. माझी चूक आहे. मी तसं लिहून देईन."

"लिहून घेऊन काय करू?" शार्दूल थकलेल्या आवाजात म्हणाले. "उदयन गेला माझा. पहिल्यांदा देहाने गेला, आता पूर्ण गेला."

त्याच आठवड्यात दोघांनी तिन्ही गायकांची ध्वनिमुद्रणं समोर ठेवून ऐकली. आता त्यांच्या कानांना कोणीच आपलं नव्हतं. तासाभरात निकाल लागला, आणि तो एकमताने: ऋजुताचं गाणं सगळ्यांत सरस होतं. तेच ध्वनिसंग्रहालयाकडे गेलं. इरफाननी तिला पत्र लिहून माफी मागितली. खाली दोघांच्या सह्या होत्या. त्यानंतर मंडळ बरखास्त झालं.

शार्दूलनी एकदा एकट्याने 'खाणीतला सूर्य' लावून पाहिलं, उदयनचं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. कुठेच काही हललं नाही. त्यांनी ते बंद केलं आणि गॅलरीत जाऊन उगाच उभे राहिले. बायको म्हणाली, चहा निवतोय. ते आत आले, चहा घेतला आणि इरफानना फोन लावला.

"काय दादा?"

एवढ्या दोन शब्दांनी त्यांच्या अंगावर काटा आला.

"काही नाही. काय करतोयस?"

"मंडईतून आत्ताच आलो. तुम्ही बोला की. तुमचा आवाज ऐकू दे जरा."

"नको, तूच बोल. मंडईत काय काय मिळालं ते सांग."

"मेथी घेतली. दोडका बरा होता. वांगी मात्र किडकी निघाली बघा..."

शार्दूलनी खुर्ची ओढली, फोन कानाला घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले.